योगायोग आणि पाळ

(गोंदिया येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)



ज्या दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या विद्यार्थ्यांनी मला नेतृत्व, योगायोग आणि जीवनाची सार्थकता या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. माझे सारे आयुष्य महसूल खात्याच्या सेवेत, म्हणजे जमाबंदी, फेरफार, पंचनामे आणि चावडीवरच्या जबान्या यांत गेले. त्यामुळे या थोर विषयाकडे मी तत्त्वज्ञाच्या उंचीवरून न पाहता ज्या मातीत माझी नोकरी झाली तिच्या पातळीवरून पाहणार आहे. रणांगणे आणि राजसभा यांतील पुरुषांची उदाहरणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. मला या जिल्ह्यातीलच माणसांविषयी बोलायचे आहे, आणि त्यांतील पहिला माणूस असा आहे की त्याने मागे एकही अक्षर लिहून ठेवले नाही, केवळ एक तलाव ठेवला.

वैनगंगेच्या या खोऱ्यात पाऊस काही थोडा पडत नाही. सरासरीने तो तेराशे मिलिमीटरच्या आसपास जातो. परंतु तो चार महिन्यांत पडतो, त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो, आणि खालचा खडक कठीण असल्याने जमिनीत फारसा न मुरता नाल्यांनाल्यांनी नदीकडे धाव घेतो. धानाला मात्र पाणी हवे असते ते रोवणीच्या वेळी आणि लोंबी भरण्याच्या वेळी; आकाशाच्या मर्जीचे आणि पिकाच्या गरजेचे वेळापत्रक क्वचितच जुळते. ही विसंगती ज्यांनी प्रथम नीट ओळखली आणि तिच्यावर उपाय केला, ते कोहळी समाजाचे लोक होत.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातीजमातींवरचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोहळ्यांची एक परंपरागत कथा नोंदलेली आहे. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला असता त्याने तेथे तलाव खोदणारे आणि ऊस पिकविणारे हे लोक पाहिले, त्यांच्या कौशल्यावर तो प्रसन्न झाला आणि त्यांना आपल्या मुलखात घेऊन आला. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे, हे मी जाणतो. तरीही समाजाने स्वतःच्या उगमाविषयी जी कथा शतकानुशतके जपली तिचा गाभा मला विचारणीय वाटतो. राजा गेला होता पुण्य जोडायला, आणि त्याच्या दृष्टीस पडली ती माती उचलणारी माणसे. त्या काळी काशीला जाऊन आलेले राजे पुष्कळ असतील. गंगाजलाच्या कावडी सर्वांनीच आणल्या असतील. या एकाने माणसे आणली. चांद्याच्या गोंड राज्यात पुढे अशी रीत पडल्याचे सांगतात की जो जंगल तोडून गाव वसवील त्याला त्या गावाची सत्ता, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन. राज्यकर्त्याने स्वतः फावडे हाती न घेता हजारो फावडी कामाला लावावीत, अशी ही राजनीती होती, आणि तिच्या पाठीशी तीर्थाच्या घाटावरचा एक अकल्पित दृष्टिक्षेप होता असे लोकस्मृती मानते.

आता त्या पहिल्या माणसाकडे येतो. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा तलाव आपण सर्वांनी पाहिला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. सुमारे अकरा चौरस किलोमीटरांचा तो जलविस्तार, सभोवती डोंगरांची रांग, आणि त्यांतील सात शिखरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. या बहिणींनी पाळ, म्हणजे तलावाचा बांध, घालण्याच्या कामी कोलूला हातभार लावला, अशी श्रद्धा आहे. कोलू पाटील स्वतः पुढे कोलासूर देव झाला आणि डोंगरावर त्याचे ठाणे बसले. अभियंत्याला देवत्व देणारा समाज मला अतिशय शहाणा वाटतो. आपण देवत्व फार स्वस्त केले आहे. त्या लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पाणी मिळाल्यानंतर दिले.

कोलू पाटलापाशी काय होते? दुर्बीण नव्हती, नकाशा नव्हता, सरकारी मंजुरी नव्हती. पावसाळ्यात डोंगरातून पाणी कोठून उतरते, दोन टेकड्यांमधली कोणती खिंड बुजविली असता किती क्षेत्र बुडेल आणि किती भिजेल, हे त्याने डोळ्यांनी आणि पायांनी मोजले असले पाहिजे. पाऊस हा त्याच्या हातचा नव्हता. तो येईल तेव्हा अडावा एवढी पाळ मात्र त्याच्या हातची होती. माझ्या मते मनुष्याच्या आयुष्यातील योगायोगाचे आणि त्याच्या कर्तृत्वाचे नाते याहून वेगळे नाही. संधी सर्वांवर बरसते, बहुतेकांवरून वाहून जाते. ज्याने आधी पाळ घातली असेल त्याच्यापाशीच ती साठून राहते. आणि पाळ ही पाऊस पडत असताना घालता येत नाही, ती वैशाखाच्या उन्हात, आकाशात ढगाचा मागमूस नसताना घालावी लागते.

या तलावांची रचना मी नोकरीच्या निमित्ताने जवळून पाहिली. मातीची पाळ, तिच्या एका टोकाला, जास्तीचे पाणी बिनबोभाट निघून जावे म्हणून राखलेली सलंग, म्हणजे सांडवा, आणि पाळीच्या पोटातून पाणी बाहेर काढणारे तुडुम. एका जुन्या गावतलावाचे तुडुम मला चांगले आठवते. आतल्या अंगाला उतरत्या पायऱ्यांवर एकाखाली एक छिद्रे, लाकडी खुंट्यांनी बुजविलेली. पाणी जसजसे खाली जाईल तसतशी खालची खुंटी काढायची, म्हणजे नेहमी वरच्या थरातले, उन्हाने कोमटलेले पाणी धानाला मिळते, आणि गाळ तलावातच राहतो. ज्याने हे योजिले त्याला पिकाची, पाण्याची आणि मातीची प्रकृती एकाच वेळी कळत होती.

त्या गावी मी गेलो तो केवळ अपघाताने. ते गाव माझ्याकडे नव्हते. सहकारी तापाने अंथरुणावर होता म्हणून एका वहिवाटीच्या तक्रारीची चौकशी माझ्या गळ्यात पडली. निघण्यापूर्वी अभिलेख कक्षातून त्या गावचा वाजिब-उल-अर्ज काढून घेतला होता. ज्यांना हा दस्तऐवज ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की गावच्या पाण्याच्या, मासेमारीच्या आणि वाटांच्या ज्या रूढी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या त्यांची ही सरकारी नोंद असते. आजही महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १६५ मध्ये तिची तरतूद आहे. मोडीसारख्या वळणाच्या अक्षरांत, उडालेल्या शाईत, त्या कागदावर लिहिले होते की पावसाने ओढ दिल्यास तलावाचे पाणी आधी शेवटच्या बांध्यांस, म्हणजे धानाच्या वाफ्यांस, द्यावे आणि मग वर वर यावे. मी ते वाचले आणि इतर नोंदींसारखीच एक नोंद म्हणून कागद पिशवीत ठेवला.

श्रावण होता, पंधरवडाभर पाऊस नव्हता, आणि अर्धी रोवणी खोळंबली होती. पाळीवर गाव जमले होते. एक वृद्ध शेतकरी कमरेइतक्या पाण्यात उतरून खुंटी काढीत होता आणि वर उभा असलेला त्याचा नातू त्याला विनवीत होता की आजा, आपल्या बांध्या भेगाळल्या, आधी आपला पाट फोडा. त्या वृद्धाची जमीन तुडुमाच्या अगदी तोंडाशी होती. पाणी तिच्यावरूनच पुढे जायचे होते आणि धुऱ्याला फावड्याचा एक घाव घातला असता तरी ती भिजली असती. तो म्हणाला, “आपली बांधी तोंडाशी आहे बाबू. आपल्याले पाणी कवाही भेटंल. शेवटच्याले आज नाही भेटलं, तं त्याचे पऱ्हे गेले.” आणि मग तो पाण्याबरोबर पाटाने चालत शेवटच्या बांधीपर्यंत गेला. मीही मागोमाग गेलो. शेवटची बांधी एका विधवेची होती. पाणी पोहोचले तेव्हा तिने पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी हातात घेतली आणि एक शब्दही न बोलता चिखलात उतरली. त्या वृद्धाने वाजिब-उल-अर्ज कधी वाचला नव्हता, त्याला वाचता येत नव्हते. माझ्या पिशवीतल्या कागदाचा अर्थ मला त्या दिवशी त्याच्या पावलांनी समजावून दिला.

माझ्या पुढील आयुष्याला जे काही प्रयोजन लाभले ते त्या दिवसापासून. कचेरीचे काम आटोपल्यावर जुन्या वाजिब-उल-अर्जांच्या आणि निस्तारपत्रकांच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीवरील हक्कांच्या नोंदींच्या, नकला करून घेणे, त्या सुवाच्य देवनागरीत उतरविणे आणि ज्या त्या गावच्या चावडीवर बसून मोठ्याने वाचून दाखविणे हा नेम मी धरला आणि निवृत्तीनंतरही सोडला नाही. हे काम कोणी सांगितले नव्हते आणि त्याची कोणत्याही गोपनीय अहवालात नोंद झाली नाही. परंतु स्वतःच्या रूढी सरकारी कागदावर लिहिलेल्या ऐकताना म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येई ते पाहणे हे मला माझ्या वेतनाहून मोलाचे वाटत आले.

जुन्या व्यवस्थेचे गुणगान करताना एक सत्य मात्र लपविता येणार नाही. पाळी घालण्याकरिता माती वाहिली ती पाटलाने किंवा मालगुजाराने, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनमालकाने, नव्हे, तर वेठीने राबणाऱ्या गोरगरिबांनी, गोंडांनी, त्या काळी अस्पृश्य मानलेल्यांनी. तलावाखालची उत्तम जमीन बहुधा तलावाच्या धन्याचीच असे, आणि ज्या मासेमार ढिवराने पाण्याचा तळ न् तळ ओळखला होता त्याला मालगुजारीत मानाचे स्थान नव्हते. म्हणून तेव्हाच्या मध्यप्रदेश सरकारने १९५० च्या कायद्याने मालगुजारीचे हक्क रद्द केले आणि १९५१ साली ते तलाव सरकारजमा झाले, ते योग्यच झाले असे माझे निःसंदिग्ध मत आहे. दुःख आहे ते याचे की हक्काबरोबर कर्तव्यही रद्द झाले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. ते आता कोणाचे, या प्रश्नाला कागदावर उत्तर आहे आणि पाळीवर नाही. काही पाटबंधारे खात्याकडे गेले, पुष्कळसे जिल्हा परिषदेकडे आले, मासेमारीचे ठेके निघाले. पण उन्हाळ्यात गाळ कोणी काढायचा आणि सलंग कोणी दुरुस्त करायची हे ठरविणारा माणूस उरला नाही. गाळ साचत गेला, बेशरमाची झुडपे काठाने आत शिरली, उथळलेल्या पाण्यात लोकांनी शेते पाडली. नेता गेला म्हणजे काय होते याचे याहून स्पष्ट चित्र मी पाहिलेले नाही, आणि नेता हा एकच मनुष्य असण्याने काय धोका संभवतो याचेही.

याच नवेगावबांधात दुसरा एक योग घडून आला. १९३२ साली सोलापुरात, तेलुगू मातृभाषेच्या कुटुंबात जन्मलेले मारुती चितमपल्ली हे वनखात्याच्या एका बदलीच्या हुकमाने तेथे येऊन पोहोचले. बदलीचे हुकूम मी जन्मभर पाहिले. त्यांत व्यक्तीचे नाव, पद आणि ठिकाण यांपलीकडे काही नसते, आणि बहुतेक अधिकारी तो कागद वाचून पुढच्या बदलीची गणिते मांडू लागतात. चितमपल्लींना तेथे माधवराव पाटील डोंगरवार भेटले. माधवराव हे गावचे पाटील, आणि अरण्याचे असे जाणकार की लोक त्यांना अरण्यपुत्र म्हणत. शासनाचा अधिकारी आणि गावचा पाटील यांच्यात जो व्यवहार सामान्यतः होतो तो आपल्याला परिचित आहे. येथे अधिकारी शिष्य झाला. पाटलांपाशी, गोंडांपाशी, ढिवरांपाशी बसून त्यांनी पाखरांची, माशांची, झाडांची नावे आणि सवयी टिपून घेतल्या, आणि त्या ज्ञानातून मराठीला ‘पक्षी जाय दिगंतरा’ आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ यांसारखी पुस्तके लाभली. १९७५ साली नवेगावला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला; पुढे २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. चितमपल्ली २००६ साली सोलापूरच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये, जेथे जन्मले त्या सोलापुरातच, त्यांनी देह ठेवला. त्यांच्या पदव्या आणि पुरस्कार बाजूला ठेवून मी एवढेच पाहतो, की अधिकारपदावर असताना शिकण्यासाठी जमिनीवर बसणे त्यांना जमले. नेतृत्वाचा हा प्रकार आपल्याकडे दुर्मिळ आहे, कारण आपण अधिकाऱ्याला खुर्चीवर पाहायला सोकावलो आहोत.

या जिल्ह्याचा बराचसा इतिहास बाहेरून आलेल्यांनीच घडविला आहे. पोवार माळव्यातून आले असे सांगतात. तिबेटातून परागंदा झालेल्यांची वसाहत याच अर्जुनी-मोरगाव तालुक्यात वसली. खुद्द गोंदिया शहर लोहमार्गाने वाढविले. रूळ दहा कोस इकडे किंवा तिकडे पडते तर हे जंक्शन, ह्या तांदळाच्या गिरण्या, हा विड्यांचा आणि तेंदूपानांचा व्यापार दुसऱ्या कोणत्या गावाच्या नशिबी गेला असता. त्याच व्यापारात गुजरातेतून आलेले मनोहरभाई पटेल मोठे झाले. स्वतःला शालेय शिक्षण नाममात्र मिळालेल्या या गृहस्थाने १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि धानाच्या बांध्यांमधून वाट तुडवीत येणाऱ्या मुलांसाठी हायस्कुले आणि महाविद्यालये उघडली. आपल्याला जे मिळाले नाही त्याबद्दल कटुता न बाळगता ते इतरांना देण्याची व्यवस्था करणे ही वृत्ती मला श्रेष्ठ वाटते, आणि या सभागृहातील अनेकांच्या घरात पहिली पदवी त्यामुळेच आली आहे.

एक प्रसंग मात्र असा आहे की त्याच्याविषयी या जिल्ह्यात फारसे बोलले जात नाही, आणि मला तो बोलल्यावाचून राहवत नाही. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता, आपला स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. दोन वर्षांपूर्वी मुंबईत त्यांचा पराभव झाला होता. येथेही झाला, आणि भाऊराव बोरकर निवडून आले. राज्यघटनेच्या शिल्पकाराला आमच्या मुलखाने लोकसभेत पाठविले नाही. प्रकृती खालावलेली, पराभव पाठोपाठचे. सामान्य मनुष्याने येथे आपला हिशेब मिटविला असता. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपुरात आपल्या लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, आणि त्या समुदायात याच वैनगंगेच्या खोऱ्यातून गेलेल्यांची संख्या मोठी होती. मतपेटीत ज्या लोकांचे बळ अपुरे ठरले होते तेच लोक आपल्या हातून घडलेल्या इतिहासाचे धनी झाले. दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. आपल्या कार्याचे फळ पाहण्यास त्यांना सवड मिळाली नाही, तरी ते कार्य थांबले नाही, कारण ते लोकांच्या अंगी मुरले होते.

आपल्या कार्याचे फळ हयातीत न पाहण्याचा योग आणखी एकाच्या वाट्याला आला. आमगावजवळचे पद्मपूर हे महाकवी भवभूतीचे जन्मस्थान होय असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. त्या भवभूतीला आपल्या काळाकडून आदर मिळाला नाही, आणि आपल्याशी समान वृत्तीचा कोणी तरी पुढे केव्हातरी जन्मेल असा विश्वास त्याने नाटकाच्या आरंभी प्रकट केला आहे. कवीला हे शोभते. तलाव बांधणाऱ्याचा विश्वास याहून कठोर आहे. त्याला समान वृत्तीचा कोणी पुढे नुसता जन्मून चालत नाही, त्याने दर उन्हाळ्यात फावडे घेऊन पाळीवर आले पाहिजे.

म्हणून सार्थ जीवनाविषयी मला जे कळले ते सांगतो. ज्या कामाचा भार आपल्या पश्चात दुसरा उचलू शकेल, अशा रीतीने ते काम लोकांच्या हाती आणि लोकांच्या नियमांत बसवून जाणे, यातच नेत्याची परीक्षा आहे. कोलू पाटलाचे नाव टिकले ते तलावामुळे, आणि तलाव टिकला तो नंतरच्या असंख्य निनावी माणसांमुळे. आज याच अर्जुनी-मोरगाव परिसरात ढिवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनी काही तलावांतले बेशरम उपटून काढून तेथे स्थानिक पाणवनस्पती लावल्या आहेत, त्यामुळे माशांना पुन्हा आसरा मिळू लागला आहे आणि पाखरेही परतू लागली आहेत. ज्यांना जुन्या व्यवस्थेने पाळीच्या खाली ठेवले होते त्यांनी आता पाळ सांभाळायला घेतली, ही मला आमच्या जिल्ह्यातील गेल्या पन्नास वर्षांमधली सर्वांत महत्त्वाची घटना वाटते.

श्रोतेहो, तुमच्यापैकी बहुतेकांच्या गावी एखादा तलाव किंवा निदान एक बोडी, म्हणजे लहान तळे, आहे. माझी विनंती एवढीच आहे, की तहसील कचेरीत रीतसर अर्ज करा, आपल्या गावच्या वाजिब-उल-अर्जाची आणि निस्तारपत्रकाची नक्कल मागा, आणि येत्या ग्रामसभेत ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचा. अक्षर लागले नाही तर मला पत्र पाठवा, मी येईन. वाचून झाल्यावर प्रथम त्यांना बोलू द्या ज्यांची बांधी शेवटची आहे. आणि मग पाऊस पडण्यापूर्वी, मृगाची वाट न पाहता, वैशाखातच कामाला लागा.